पाच शतांशाची फट

"इतक्या पहाटे कायले बोलावलं बेटा? टॅपेटच पाहाचे होते तर दहा वाजता गॅरेजवर आणाची."

मामांनी फाटक लोटलं तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. मे महिन्यातला रविवार. नागपूरच्या नंदनवनातल्या आमच्या गल्लीत रात्रभर चाललेल्या कूलरांची घरघर अजून थांबली नव्हती. नळाला पाणी यायची वाट बघणाऱ्या दोन-तीन बायकांशिवाय कुणी जागं नव्हतं. स्प्लेंडर मी रात्रीच पोर्चमध्ये डबल स्टँडवर लावली होती. शेजारी पोतं अंथरून त्यावर माझी हत्यारं मांडून ठेवली होती.

"दहा वाजता थंड इंजिन कुठून मिळेल मामा? होंडाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वॉल्व्हची फट थंड इंजिनावर मोजायला सांगतात, आणि थंड म्हणजे 35 अंशांच्या खाली. मे महिन्यात आपल्याकडे ते पहाटेच जमतं."

"पुस्तकात लिहिलं ते लिहिलं. पाच-दहा अंशानं टॅपेटले काही होत नाही."

एवढ्यापुरतं मामांचं बरोबर होतं. वॉल्व्ह पोलादाचा असतो आणि तापला की लांब होतो. तो ज्या हेडमध्ये बसतो ते हेड ॲल्युमिनियमचं, आणि ॲल्युमिनियम साध्या पोलादापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं. दोन्ही एकाच वेळी पण कमी-जास्त वाढत असतात, आणि नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीत कुठला भाग किती तापलाय हे बाहेरून कळत नाही. म्हणून पुस्तक एकच अवस्था धरून चालतं: रात्रभर उभी असलेली गाडी. हवा 31 अंश आहे की 36, यानं फार बिघडत नाही. गाडी आत्ता दिघोरीहून धावत आली आहे की रात्रभर जागची हललेली नाही, यानं बिघडतं. मामांच्या गॅरेजवर येणारी प्रत्येक गाडी चालतच येते, आणि तिचा मालक बाकावर बसून घड्याळ बघत असतो. माझं भांडण होतं ते याच्याशी.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. चाळीस वर्षं गॅरेज चालवतात. राजदूत, चेतक, लूना यांच्यावर हात बसवला आणि मग होंडाच्या इंजिनांवर आले. टॅपेट ते कानानं लावतात. मी शाळेत शिकवते. नंदनवनातून निघून दिघोरीवरून उमरेड रस्त्याला लागायचं आणि संध्याकाळी परत, हा रोजचा प्रवास बाबांच्या जुन्या स्प्लेंडरवर. मी टॅपेट फिलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी मोजून लावते. मार्चमध्ये मोजून लावले, फट पुस्तकात आहे तेवढीच निघाली, तरी इंजिनातून टिकटिक येतच राहिली. म्हणून त्यांना बोलावलं होतं. म्हणजे त्या दिवशी गरज माझी होती, हे आधीच सांगून टाकते.

ज्यांनी गाडीचं इंजिन कधी उघडून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. इंजिनात हवा-पेट्रोल आत येण्याचं एक दार असतं आणि जळलेला धूर बाहेर जाण्याचं दुसरं. ही दारं म्हणजे वॉल्व्ह. रॉकर नावाचा लहानसा दांडा त्यांच्या डोक्यावर दाब देऊन ती उघडतो, आणि स्प्रिंग ती मिटवते. दार मिटलेलं असताना रॉकरचा स्क्रू आणि वॉल्व्हचं डोकं यांच्यात किंचित मोकळी जागा ठेवावी लागते. ती बरोबर ठेवणं म्हणजे टॅपेट लावणं. जुन्या स्प्लेंडरमध्ये ती जागा 0.05 मिलिमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले पाच. दाढीचं पातं असतं 0.1 मिलिमीटर, त्याच्या निम्मी. ही फट वाढली तर रॉकर वॉल्व्हवर आपटतो आणि टकटक ऐकू येते. फट उरलीच नाही तर वॉल्व्ह तापून लांब झाल्यावर पूर्ण मिटत नाही. धुराचा वॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता मिटलेल्या क्षणी टेकलेल्या बैठकीतून बाहेर टाकत असतो. तो टेकलाच नाही तर उष्णता जायला वाट राहत नाही, पेटता वायू कडेच्या फटीतून सुटतो, आणि कड जळत जाते.

"आता सांगा मामा, घट्ट झालेल्या टॅपेटचा आवाज कसा असतो?"

"आवाज नसतेच ना. गाडी मक्खन वाटते."

"मग कानाला कसं कळणार?"

मामा काही बोलले नाहीत. पोत्यावर बसून एकेक पाना उचलून पाहू लागले. आम्हा दोघांनाही बाबांची गाडी आठवली होती, आणि ते दोघांनाही कळलं होतं. अकरा वर्षांपूर्वी बाबांनी हीच स्प्लेंडर मामांकडे नेली होती. आवाज येतो, बंद करून दे, एवढंच सांगितलं. आवाज बंद झाला. बाबा महिनाभर खूश होते. मग सकाळी किक लागेना, चढावर गाडी दम टाकू लागली, आणि उमरेडहून येताना एका दुपारी ती रस्त्यात बंद पडली ती पडलीच. हेड उघडलं तेव्हा धुराच्या वॉल्व्हची कड एका बाजूला खाल्लेली होती. नवा वॉल्व्ह, सीट घासणं, गॅस्केट. मामांनी मजुरीचा एक रुपया घेतला नाही, आणि बाबांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

"भाऊजी म्हणे, आवाज नाही पाह्यजे," मामा शेवटी म्हणाले. "गिऱ्हाईक असंच म्हणते बेटा. टकटक घेऊन गाडी परत गेली तर तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडे जाते. शांत गाडी घेऊन गेला तर दहा जणांले सांगते, की त्याच्या हाताले जादू आहे."

"म्हणूनच मोजायला हवं ना?"

"मोजून पण टकटक आली तर? तुझ्या गाडीत आत्ता काय येऊन राहिली?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मामांनी शर्टाच्या खिशातून वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. टॅपेटचा जुना स्क्रू होता, दुसऱ्या कुठल्यातरी गाडीतून निघालेला. "हे पाय. याच्या तोंडावर नख फिरव."

नख फिरवलं. जिथं स्क्रू वॉल्व्हच्या डोक्यावर टेकतो त्या तोंडाला बारीक खळगा पडला होता, वाटीसारखा. डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा.

"तुझी फिलरची पट्टी सपाट. ती या खळग्यात उतरत नाही, काठावर टेकते. पट्टी सांगते पाच, अन् खरी फट राहते आठ-दहा. गुरुवारी तू दारावरून गेली तेव्हाच मी आवाज ऐकला. वरच्या वॉलचा आहे. तुझं मोजमाप चुकलं नाही, तुझा स्क्रू गेला. रॉकर सैल करून बदलावा लागते, ते इथे नको, गॅरेजवर करू."

दोन महिने मी त्या पट्टीवर विश्वास ठेवून होते. पट्टी खोटं सांगत नव्हती, पण झिजलेल्या तोंडापुढे सपाट पट्टी आंधळी असते, हे मला कुठल्या पुस्तकातून कळलं नव्हतं. ते कळलं एका कानातून, दारासमोरून जाणाऱ्या गाडीच्या आवाजावरून. मामांच्या बाजूनं यापेक्षा भक्कम मुद्दा मला त्या दिवशी दुसरा ऐकायला मिळाला नाही, आणि मी तो पूर्ण मानते.

पण तो मुद्दा ढिल्या बाजूचा आहे. घट्ट बाजूला कान काय करणार, हा माझा प्रश्न तसाच उभा होता. "खालचा बघू आधी," मी म्हटलं.

इथे स्प्लेंडरची घडण समजून घ्यावी लागते. या इंजिनाचा सिलिंडर जवळजवळ आडवा झोपलेला असतो, होंडाच्या जुन्या 'कब' गाडीच्या वळणावर. त्यामुळे हवा आत घेणाऱ्या वॉल्व्हची टोपी वरच्या अंगाला येते आणि धुराच्या वॉल्व्हची खालच्या अंगाला, जमिनीकडे तोंड करून. वरची टोपी उभ्यानं उघडता येते. खालची उघडायला पोत्यावर आडवं पडावं लागतं, ऑइलचे दोन-चार थेंब मनगटावर येतात, आणि मान वाकडी करून टॉर्चच्या उजेडात काम करावं लागतं. जळणारा वॉल्व्ह खालचा, आणि जिथं हात पोचायला सगळ्यात अवघड तेही खालीच. गर्दीच्या गॅरेजमध्ये काय होत असेल हे मी मामांना विचारलं.

"राहून जाते," ते म्हणाले. "वरचा लावला की आवाज जाते. पोट्ट्याले सांगतो, खालचाही पाय. तो पाह्यते का नाही, देव जाणे."

आता हत्यारांचं सांगते, कारण हा लेख मुळात त्यासाठी लिहायला घेतला. गाडीबरोबर आलेला प्लग पाना माझ्याकडे होताच. टॅपेटच्या टोप्यांना 17 चा रिंग पाना लागतो, स्क्रू जागी धरणाऱ्या चेकनटला 9 चा, आणि स्क्रूच्या चौकोनी डोक्यासाठी 3 मिलिमीटरची टॅपेट चावी. त्याशिवाय फिलर गेज, डावीकडच्या झाकणांसाठी रुंद तोंडाचा पेचकस, टॉर्च, स्वच्छ फडकं आणि टोप्यांच्या दोन नव्या ओ-रिंगा. इतवारीतल्या लोहाओळीत अर्धा दिवस फिरून मी हे घेतलं आणि सगळं मिळून सातशेच्या आत बसलं. मामांची चावी विकतची नाही. जुन्या सळीच्या टोकाला कानशीनं चौकोनी खाच पाडून त्यांनी ती स्वतः केली आहे, आणि तीस वर्षांत ती घसरलेली मी पाहिली नाही.

"पान्यात पैसे वाचवू नको," यावर मामा ठाम होते, आणि मीही. चेकनट एवढासा असतो. सैल तोंडाच्या फिक्स पान्यानं त्याचे कोपरे गोल झाले की घरच्या घरी काहीच करता येत नाही. रिंग पानाच हवा, आणि बऱ्या पोलादाचा हवा. टपारियाचे पाने नाशिकला बनू लागले 1969 मध्ये, स्वीडनच्या बाहको कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानं. मामांच्या पेटीतला 9 चा पाना त्याच नावाचा आहे, अक्षरं पुसट झाली तरी जबडा शाबूत. चावी स्वस्त चालते, कारण तिच्यावर जोर द्यायचाच नसतो. ज्यांच्याकडे चावी नसते ते पक्कड लावतात, आणि स्क्रूचं चौकोनी डोकं कुरतडून ठेवतात.

फिलर गेज घेताना मात्र मी एकदा फसले. दुकानात सगळ्यात आधी हाती येतो तो संच 0.05, 0.10, 0.15 असा पाच-पाच शतांशांच्या पायऱ्यांचा. आमच्या गाडीला 0.05 ची एक पट्टी पुरते असं वाटतं, पण नुसत्या एका पट्टीनं काम होत नाही. पट्टी जाते म्हणजे फट निदान तेवढी आहे, एवढंच कळतं. ती किती जास्त आहे हे कळायला पुढची जाड पट्टी अडायला हवी. पाच आत गेली आणि दहा अडली, तर फट सहा आहे की नऊ, हे कोण सांगणार? म्हणून पातळ बाजूला एकेका शतांशाच्या पायऱ्या असलेला संच मागून घ्यावा, 0.03 पासून 0.10 पर्यंत सलग. तो मिळतो, फक्त नेमक्या शब्दांत मागावा लागतो. नव्या गाड्यांचे आकडे वेगळे आहेत, आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या वॉल्व्हचे आकडेही पुष्कळ गाड्यांत एकसारखे नसतात. आपल्या गाडीचं पुस्तक उघडल्याशिवाय पट्टी उचलू नये.

"अन् त्या पट्टीवर पाच लिहिलं म्हणजे ती पाचच आहे, हे कायवरून?" मामांनी विचारलं. "दोनशे रुपयांची वस्तू. मागच्या उन्हाळ्यात नाही का, हवामानवाल्यांच्या मशीननं आपल्याकडे 56 अंश दाखवले होते?"

ते 2024 च्या मे अखेरचं बोलत होते. नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर खरोखरच 56 अंशांची नोंद झाली होती, देशभर बातमी गेली, आणि मग हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. त्याच शहरातल्या दुसऱ्या काही केंद्रांचे आकडे त्याहून कितीतरी खाली होते, म्हणून तो आकडा उघडा पडला. एक मोजमाप दुसऱ्यावर ताडून पाहायचं असतं. माझ्या पट्ट्या मी अशाच ताडल्या होत्या. शेजारचा मुलगा इंजिनीअरिंगला आहे. त्यानं त्या कॉलेजच्या लॅबमध्ये नेऊन मायक्रोमीटरमध्ये धरल्या. मायक्रोमीटर एक शतांश मिलिमीटर वाचतो. पाचची पट्टी पाच निघाली, आठची आठ. सातच्या पट्टीचं टोक चुरगळलेलं होतं, ती मी वापरत नाही. ज्याला लॅब मिळणार नाही त्यानं निदान दोन पट्ट्या एकत्र धरून पाहाव्यात: तीन आणि पाच मिळून जिथे सरकतात तिथे आठचीही तेवढ्याच ओढीनं सरकायला हवी.

मामांनी मान हलवली. "हे बरं केलं," म्हणाले. त्यांच्याकडून एवढं पुष्कळ.

मग काम. प्लग काढला, म्हणजे इंजिन हातानं हलकं फिरतं. डावीकडची दोन गोल झाकणं उघडली. एकातून पाना घालून क्रँक घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवायचा आणि दुसऱ्यातून बघत राहायचं, की फ्लायव्हीलवरची टी खूण खाचेसमोर आली का. ज्याला ही झाकणं उघडायची भीती वाटते त्यानं गाडी डबल स्टँडवर चौथ्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं पुढे फिरवावं. क्रँक त्याच्याबरोबर फिरतो. टी खूण समोर आली की झालं, असं मात्र नाही. दर चार स्ट्रोकच्या चक्रात क्रँक दोनदा फिरतो आणि टी दोनदा येते. एकदा दोन्ही दारं मिटलेली असतात. दुसऱ्यांदा एक मिटत असतं आणि दुसरं उघडत असतं. फट फक्त पहिल्या वेळी मोजायची. दोन्ही रॉकर बोटानं हलकेच हलले तर टी बरोबर. एकही घट्ट लागला तर आणखी एक पूर्ण फेरी. मी पहिल्यांदा घरी टॅपेट लावले तेव्हा चुकीच्या टी वर लावले होते. गाडी सुरू केली आणि गल्लीतले लोक बाहेर आले, एवढा खडखडाट झाला. त्या दिवशी मामांनी गॅरेजवर मला काही न बोलता नुसतं बोटानं रॉकर हलवून दाखवला होता. ते मी अजून विसरले नाही.

"खालचा तुम्ही लावा," मी म्हटलं. "हातानं, नेहमी लावता तसाच. मी मग पट्टी घालून बघते."

ते पोत्यावर आडवे झाले. साठी उलटलेल्या माणसाला असं पडताना पाहून वाईट वाटलं, पण ते थांबले नाहीत. चेकनट सैल केला. स्क्रू टेकेपर्यंत खाली घेतला आणि मग इतका थोडा मागे फिरवला की मला तो फिरलेला दिसलाही नाही. स्क्रूच्या पेचाची पीच अर्धा मिलिमीटर धरली, तर पाच शतांश म्हणजे फेरीचा दहावा भाग. घड्याळात मिनिटकाटा सहा मिनिटांत जेवढा सरकतो तेवढं. मामांनी हा हिशेब कधी केला नसेल, पण त्यांचं बोट तोच कोन चालतं. एका हातानं चावी धरून दुसऱ्यानं चेकनट कसला. "घे, मोज."

पाचची पट्टी गेली नाही. चारची गेली नाही. तीनची गेली, घासत.

मी काही बोलले नाही. ते स्वतःच म्हणाले, "नट कसताना स्क्रू थोडा सोबत फिरते. वरच्या अंगानं करताना मनगटाले ते समजते. खालून हात उलटा पडते."

एका मोजणीवरून चाळीस वर्षांचा हात खोटा ठरत नाही. पण तो हात जिकडे झुकला ती बाजू घट्ट होती, आणि वॉल्व्ह धुराचा होता. अशी गाडी रस्त्यावर शांत चालली असती. त्यांनी पुन्हा केलं. या वेळी पाचची पट्टी फटीत ठेवूनच स्क्रू टेकवला, पट्टी ओढून पाहिली, चेकनट मनगटाच्या जोरानं कसला आणि पट्टी पुन्हा ओढली. लोण्यातून सुरी जावी तशी नव्हे, पानाच्या विड्यातून लवंग निघावी तशी ती निघाली. सहाची अडली. "हं," म्हणाले, आणि तसेच पडून राहिले थोडा वेळ.

चहा आणला तेव्हा सहा वाजले होते. पायरीवर बसून मामा दुसऱ्याच गोष्टीवर आले. "आमच्या वेळी चेतक, लूना, राजदूत, सगळ्या टू-स्ट्रोक. त्यात वॉलच नव्हते. पिस्टन स्वतःच वर-खाली होऊन भोकं उघडे-मिटे. म्हून लोक घरी काय करत, तर प्लग काढून कार्बन घासत. प्रत्येक डिकीत प्लग पाना असे. 1985 मध्ये सीडी 100 आली अन् जाहिरात अशी होती, की पेट्रोल भरा, झाकण लावा अन् विसरून जा. लोक पेट्रोल विसरले नाही, सगळं बाकीचं विसरले."

"तेच तर मी म्हणते. तेव्हा लोक प्लग घरी काढत, तसेच आता टॅपेट का नाही लावायचे?"

"लावा. पण ऐक." मामांनी कप खाली ठेवला. "टॅपेटचे मी वेगळे पैसे घेतच नाही, सर्विसिंगमध्ये धरतो. पण त्या निमित्तानं गाडी माझ्यासमोर येते. टॅपेट लावता लावता मी ब्रेकची केबल पाहतो, चेनसेट पाहतो, हँडल हलवून कोनसेट पाहतो. मागच्या वर्षी एका पोराच्या गाडीचा पुढचा ब्रेक शेवटच्या तारेवर होता. तो आला होता टॅपेटसाठी. तू सगळं घरीच करशील तर ती तार कोण पाहील?"

या बाजूनं मी विचार केला नव्हता. सातशे रुपयांच्या हत्यारांनी फट मोजता येते, पण गाडीवरून दुसऱ्याची नजर फिरणं त्यात मिळत नाही. मी मान्य केलं, आणि हेही सांगितलं की वर्षातून दोनदा गाडी त्यांच्याकडे येईलच. त्यांनी त्यावर हो-नाही काही म्हटलं नाही. त्यांच्या मनात आणखी एक होतं. बॅटरीच्या गाड्या आल्या, त्यात ना वॉल्व्ह ना टॅपेट. त्यांच्याकडे शिकायला येणारी मुलं आता चावी कशी धरायची ते विचारत नाहीत. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, पण ऐकताना मला त्रास झाला.

माझं म्हणणं त्यांना मी तिथेच सांगितलं, आणि ते सगळ्यांसाठी लिहिते. सगळ्या गाड्यांवर हे घरी करू नये. बुलेटच्या ज्या युनिट कन्स्ट्रक्शन इंजिनांत टॅपेट हायड्रॉलिक आहेत, त्यांना हात लावायची गरजच नाही. चाकणला बनणाऱ्या ड्यूकसारख्या गाड्यांत फट बदलायला योग्य जाडीच्या शिम घालाव्या लागतात, ते काम पोर्चमधलं नाही. पण आपल्या रस्त्यांवरच्या साध्या शंभर-दीडशे सीसीच्या गाड्या, ज्यांत स्क्रू आणि चेकनट आहे, त्यांच्या मालकांच्या घरात फिलर गेजचा एक संच असावा. स्क्रू कुणीही फिरवो. मालक, मेकॅनिक, मामा. फिरवून झाल्यावर पट्टी घालून पाहिल्याशिवाय टोपी लावू नये. आवाज गेला म्हणून टॅपेट बसले, हे मानणं मला आता जमत नाही. बाबांच्या गाडीचा आवाज गेला होता.

"गॅरेजवर फिलर नाही असं नाही," मामा म्हणाले. "पेटीत आहे, गंज चढून. त्यात पाचची पट्टी तुटली आहे वर्षानुवर्षं. कोणती दुकान म्हणाली तू लोहाओळीत?"

मी सांगितलं. एकेका शतांशाचा संच मागायचा, हे दोनदा सांगितलं.

प्लग लावला, टोप्यांना नव्या ओ-रिंगा घातल्या, किक मारली. गाडी लागली. वरच्या वॉल्व्हची टिकटिक तशीच होती, मामांनी सांगितल्याप्रमाणे. लांब पेचकसाचं टोक हेडवर आणि दांडा कानाच्या हाडावर टेकवून त्यांनी ती ऐकली आणि मलाही ऐकवली. स्क्रू बदलेपर्यंत राहणार ती. खालून मात्र एक समान आवाज येत होता, भरलेला.

साडेसहाला ऊन फाटकावर आलं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी राहणारा मुलगा पल्सर घेऊन दारात थांबला. रात्रपाळी करून सरळ घरी आला होता, इंजिनावर हात ठेववत नव्हता. "काका, टॅपेट वाजून राहिले," तो मामांना म्हणाला. "दोन मिनिटात करून देता का?"

मामांनी गाडीजवळ जाऊन आवाज ऐकला. खाली वाकले, पुन्हा उठले. माझ्याकडे पाहिलं नाही.

"आत्ता नाही," ते म्हणाले. "रात्रभर उभी ठेव. उद्या पाचले आण, इथेच. अन् गाडीचं पुस्तक असंल तर तेही आण सोबत."